न्यूयॉर्कची ८ हजार मतं: क्लीव्हलंड–हॅरिसन फेरलढतीचा एक पर्यायी इतिहास

डेमोक्रॅटिक पक्षाचे ग्रोव्हर क्लीव्हलंड आणि रिपब्लिकन पक्षाचे बेंजामिन हॅरिसन १८८८ आणि १८९२ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी एकमेकांसमोर उभे राहिले. पहिल्या वेळी क्लीव्हलंड अध्यक्ष असताना हरले, दुसऱ्या वेळी हॅरिसन अध्यक्ष असताना हरले. एकदा गेलेलं अध्यक्षपद पुन्हा जिंकणारे क्लीव्हलंड हे २०२४ पर्यंत एकटेच होते. त्यामुळे या जोडीवर पर्यायी इतिहास रचायचा मोह अनेकांना होतो, आणि बहुतेक जण सुरुवात १८९२ पासून करतात: हॅरिसन दुसऱ्यांदा जिंकले असते तर?

इथंच पहिली चूक होते. १८९२ मध्ये क्लीव्हलंडना २७७, हॅरिसनना १४५ आणि पॉप्युलिस्ट पक्षाच्या जेम्स वीव्हर यांना २२ इलेक्टोरल मतं पडली (अध्यक्ष निवडणारी, प्रत्येक राज्याच्या वाट्याची मतं; राज्य जिंकणाऱ्याला बहुधा ती सगळी मिळतात). हा निकाल फिरवायचा तर किमान चार राज्यं एकाच वेळी हलवावी लागतात, आणि एवढं हलवल्यावर हाती इतिहास उरत नाही, इच्छा उरते. १८८८ चं तसं नाही. तिथं सगळा निकाल एका राज्यावर लोंबकळत होता, म्हणून धागा तिथंच सोडवायचा.

कुठं आणि किती

६ नोव्हेंबर १८८८ चा निकाल असा: हॅरिसन २३३, क्लीव्हलंड १६८, एकूण ४०१, बहुमताला २०१. देशभरातल्या मतांत मात्र क्लीव्हलंड सुमारे ९० हजारांनी पुढं होते. या आघाडीचा फार गवगवा होतो, पण ती निखळ नव्हती. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या नागरिकांना दहशतीनं आणि कायद्याच्या चलाखीनं मतदानापासून दूर ठेवलं जात होतं. साउथ कॅरोलायनात तर १८८२ पासून प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी होती. अक्षरओळख नसलेल्याची चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली की ती बाद. तेव्हा 'जनतेनं क्लीव्हलंडना निवडलं होतं' या वाक्यावर पर्यायी इतिहास उभा करू नये.

न्यूयॉर्ककडे ३६ इलेक्टर होते. तिथं हॅरिसन १४,३७३ मतांनी जिंकले. ही ३६ मतं बाजू बदलली की क्लीव्हलंड २०४, हॅरिसन १९७. दुसऱ्या कुठल्याही एका राज्यानं हे जमत नाही. इंडियाना हे हॅरिसन यांचं स्वतःचं राज्य फक्त २,३४८ मतांनी त्यांच्याकडे गेलं, पण त्याची १५ मतं क्लीव्हलंडना दिली तरी ते १८३ वरच अडकतात. इंडियानाला कॅलिफोर्निया, न्यू हॅम्पशर आणि ऱ्होड आयलंड जोडून पाहा: १५, ८, ४ आणि ४ मिळून ३१, म्हणजे १९९. चार राज्यं उलटवूनही दोन मतं कमीच पडतात.

१४,३७३ हा दोघांमधला फरक आहे. मतदार एकाकडून दुसऱ्याकडे गेला की फरक दोननं घटतो. म्हणून ७,१८७ मतदार वळले की राज्य फिरतं. न्यूयॉर्कमध्ये एकूण मतं पडली सुमारे १३ लाख २० हजार, म्हणजे हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या किंचित वर. हिशेबाच्या सोयीसाठी इथं ८,००० मतदार धरले आहेत. त्यातून क्लीव्हलंडना १,६२७ ची आघाडी मिळते. १८८४ मध्ये हेच राज्य त्यांनी हजार-अकराशे मतांनीच जिंकलं होतं, त्यामुळे हा आकडा त्या राज्याच्या स्वभावाला धरून आहे.

कळ कोणती फिरवायची

अभ्यासकांच्या आवडीची कळ म्हणजे मर्चिसन पत्र. कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज ऑसगुडबी या रिपब्लिकन माणसानं चार्ल्स मर्चिसन असं खोटं नाव घेऊन ब्रिटिश राजदूत लायनेल सॅकव्हिल-वेस्ट यांना विचारलं की मत कुणाला द्यावं. राजदूतांनी क्लीव्हलंडकडे कल दाखवणारं उत्तर धाडलं. ते ऑक्टोबरच्या अखेरीस छापून आलं आणि इंग्रजांवर खार खाऊन असलेला आयरिश मतदार बिथरला. हे पत्र कथेतून काढणं फार सोपं आहे, कारण राजदूतानं उत्तर दिलं नाही एवढंच लिहायचं. अडचण अशी की त्या पत्रानं नक्की किती मतं फिरली हे मोजायचं साधन नाही. ज्या कळीचं वजन मोजता येत नाही, तिच्यावर ३६ इलेक्टरांचा भार टाकू नये.

त्याहून पक्की कळ त्याच राज्यात, त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात आहे. क्लीव्हलंड हरले त्याच दिवशी त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे गव्हर्नर डेव्हिड हिल न्यूयॉर्कमध्ये सुमारे १९ हजार मतांनी जिंकले. म्हणजे हजारो लोकांनी अध्यक्ष रिपब्लिकन आणि गव्हर्नर डेमोक्रॅट असं मत दिलं. हे घडायला तेव्हाची मतपत्रिका सोयीची होती. सरकारी छापील मतपत्रिका न्यूयॉर्कमध्ये अजून आली नव्हती. प्रत्येक पक्ष, प्रत्येक गट आपापल्या चिठ्ठ्या छापायचा आणि त्यांची माणसं मतदान केंद्राबाहेर उभी राहून त्या मतदाराच्या हातात द्यायची. चिठ्ठ्यांच्या जुडीत एक चिठ्ठी बदलून ठेवली की सौदा पुरा व्हायचा: तुम्ही आमच्या गव्हर्नरला द्या, आम्ही तुमच्या अध्यक्षाला देतो. असे सौदे किती झाले यावर तेव्हापासून वाद आहे, पण ते करायची यंत्रणा गल्लोगल्ली उभी होती एवढं निश्चित.

त्यात न्यूयॉर्क शहरात डेमोक्रॅट दोन गटांत फुटलेले होते. महापौरपदासाठी टॅमनी हॉल या शहरातल्या बलाढ्य डेमोक्रॅट गटाचे ह्यू ग्रँट एका बाजूला, विद्यमान महापौर एब्राम ह्युइट दुसऱ्या बाजूला. दोन्ही गटांच्या चिठ्ठ्या वेगळ्या, कार्यकर्ते वेगळे, आणि दोघांनाही आपला महापौर अध्यक्षापेक्षा जवळचा. म्हणून इथं कळ अशी धरली आहे: ऑक्टोबर १८८८ मध्ये दोन्ही गट एका उमेदवारावर राजी होतात, आणि क्लीव्हलंड हिल यांच्या बाजूनं उघडपणे उभे राहतात, जे त्यांनी प्रत्यक्षात कटाक्षानं टाळलं. यामुळे राज्याबाहेर काहीच बदलत नाही, आणि चांगल्या कळीची हीच कसोटी आहे. समेटानं नेमकी ८,००० मतं हलली असती हे गृहीतक आहे. सिद्ध करण्यासारखं ते नाही.

एवढ्या थोड्या फरकानं निकाल लागला तर तंटा झाला नसता का? झाला असता. पण १८७६ चा घोळ (काही राज्यांतून इलेक्टरांच्या दोन-दोन याद्या आल्या होत्या) पुन्हा होऊ नये म्हणून फेब्रुवारी १८८७ मध्येच मतमोजणीचा नवा कायदा झाला होता. राज्यातून दोन याद्या आल्या आणि दोन्ही सभागृहांचं एकमत झालं नाही, तर गव्हर्नरच्या सहीची यादी धरायची अशी त्यात तरतूद होती. मतमोजणीच्या वेळी, फेब्रुवारी १८८९ मध्ये, सिनेट रिपब्लिकन होतं आणि प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटिक, तेव्हा मतभेद ठरलेलाच. आणि न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते हिल. ज्यांच्याशी क्लीव्हलंडचं कधी पटलं नाही, त्यांच्याच सहीनं ते पुन्हा अध्यक्ष होतात.

अध्यक्षांच्या टेबलावर काय काय आलं असतं

आता गोठवायच्या गोष्टी ठरवाव्यात. काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, निकाल जसे लागले तसेच ठेवायचे: प्रतिनिधीगृहात रिपब्लिकनांचं निसटतं बहुमत, सिनेटही त्यांचंच. १८९० मधलं लंडनच्या बेअरिंग पेढीचं संकट, पश्चिमेतला दुष्काळ, रेल्वे कंपन्यांची कर्जं यांना वॉशिंग्टनमध्ये कोण बसलंय याचं सोयरसुतक नव्हतं, तीही तशीच. बदलायचं फक्त तेच, जे अध्यक्षांच्या सहीशिवाय पुढं सरकत नव्हतं.

पहिला कागद मॅकिन्ली जकात कायद्याचा. आयात मालावरचं सरासरी शुल्क जवळपास ५० टक्क्यांवर नेणारं हे विधेयक मे १८९० मध्ये प्रतिनिधीगृहात १६४ विरुद्ध १४२ नं आणि सप्टेंबरमध्ये सिनेटमध्ये ४० विरुद्ध २९ नं मंजूर झालं. हॅरिसननी १ ऑक्टोबरला सही केली. क्लीव्हलंडनी डिसेंबर १८८७ चा आपला संपूर्ण वार्षिक संदेश जकात कमी करण्यावर खर्च केला होता. त्यांचा नकाराधिकार नक्की, आणि दोन्ही सभागृहांतली मतं तो उलटवायला लागणाऱ्या दोन तृतीयांशाच्या जवळपासही पोचत नाहीत. कायदा मेला.

यादवी युद्धातल्या सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचा जून १८९० चा कायदाही असाच पडतो, कारण त्याच धर्तीचं विधेयक क्लीव्हलंडनी फेब्रुवारी १८८७ मध्येच परत पाठवलं होतं. शर्मन यांचा मक्तेदारीविरोधी कायदा मात्र दोन्ही सभागृहांत जवळजवळ एकमुखानं आला होता. त्यावर कुणीही सही केलीच असती. नॉर्थ डाकोटा, साउथ डाकोटा, माँटाना आणि वॉशिंग्टन यांना राज्याचा दर्जा देणारा कायदा क्लीव्हलंडनी फेब्रुवारी १८८९ मध्ये स्वतःच सही करून दिला होता, त्यामुळे तिथंही काही हलत नाही. आयडाहो आणि वायोमिंग अडकले असते असा कयास आहे. ते अडकले तर १८९२ ला एकूण इलेक्टर ४४४ ऐवजी ४३८ आणि बहुमत २२० वर येतं. हा छोटा आकडा पुढं विसरला की सगळी बेरीज बिघडते.

आणखी एक कागद होता, ज्याची आठवण या खेळात फारशी कुणी काढत नाही. काळ्या मतदारांना संरक्षण देणारं लॉज यांचं निवडणूक विधेयक जुलै १८९० मध्ये प्रतिनिधीगृहात १५५ विरुद्ध १४९ असं निसटतं पास झालं आणि पुढं सिनेटमध्ये गुदमरलं. हॅरिसन सही करायला तयार होते. क्लीव्हलंड तयार झाले नसते. म्हणजे खऱ्या इतिहासात शेवटपर्यंत जी एक फट उघडी होती, तीही या पर्यायात आधीपासून बंद राहते. क्लीव्हलंडचा विजय म्हणजे सरसकट सुधारणा असं मांडणाऱ्यांनी हे विधेयक हिशेबात धरलंच पाहिजे.

चांदी

या प्रकरणाचा गाभा चांदी आहे. जुलै १८९० च्या शर्मन चांदी खरेदी कायद्यानं अमेरिकी खजिन्याला दरमहा ४५ लाख औंस चांदी घेणं भाग पाडलं. पैसे द्यायचे खास नोटांमध्ये, आणि त्या नोटा सोन्यातही वटवता यायच्या. १८९३ पर्यंत अशा सुमारे १५.५ कोटी डॉलरच्या नोटा बाहेर पडल्या. लोक नोट देऊन सोनं नेत राहिले आणि एप्रिल १८९३ मध्ये खजिन्यातला सोन्याचा साठा १० कोटी डॉलरच्या खाली उतरला. ही रेषा ओलांडली गेल्याची बातमी आली आणि आधीच डळमळलेल्या बाजाराचा धीर सुटला.

क्लीव्हलंड सोन्याच्या चलनाचे कट्टर पुरस्कर्ते, त्यामुळे हा कायदा ते परत पाठवतात. सिनेटमधलं मतदान ३९ विरुद्ध २६, तेव्हा नकाराधिकार टिकतो. १८७८ चा जुना कायदा मात्र चालू राहतो: महिन्याला किमान २० लाख डॉलरची चांदी. म्हणजे गळती थांबत नाही, निम्म्यावर येते. 'शर्मन कायदा नाही तर १८९३ चं संकटही नाही' हे विधान त्यामुळे टिकत नाही. फेब्रुवारी १८९३ मध्ये बुडालेली फिलाडेल्फिया अँड रीडिंग रेल्वे चांदीमुळे बुडाली नव्हती, कर्जामुळे बुडाली. संकट येतंच, खजिना त्याला जरा भरल्या हातानं सामोरा जातो.

नकाराधिकाराचा मोठा घाव मात्र क्लीव्हलंडच्या स्वतःच्या पक्षावर बसतो. जून १८९० मध्ये सिनेटनं चांदीची नाणी मुक्तपणे पाडायची दुरुस्ती ४२ विरुद्ध २५ अशी मंजूर केली होती, आणि दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या डेमोक्रॅटांचा तिला भरघोस पाठिंबा होता. त्यांना शर्मन कायदा अपुरा वाटत होता. त्यांच्याच अध्यक्षांना तो अति वाटला असता. खऱ्या इतिहासात डेमोक्रॅटिक पक्ष चांदीवरून फुटला तो १८९३ ते १८९६ या मंदीच्या वर्षांत. इथं तीच फूट १८९० मध्ये पडते, कापसाचे आणि गव्हाचे भाव उतरलेले असताना, पण बँका अजून उभ्या असताना. मंदीवर खापर फोडायची सोय कुणालाच नाही.

या धाग्याचं एक टोक थेट मुंबईच्या टांकसाळीपर्यंत जातं. शर्मन कायद्याच्या अपेक्षेनं १८९० मध्ये चांदी महागली आणि तिच्याबरोबर रुपयाही थोडा काळ वधारला. मग दोन्ही पुन्हा घसरले. लंडनला पौंडात पाठवायच्या रकमा भागवताना हिंदुस्थान सरकारची दमछाक होत होती. अमेरिका चांदीची खरेदी बंद करील ही भीती हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करणाऱ्या हर्शेल समितीच्या विचारात होतीच. अखेर २६ जून १८९३ रोजी मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडीला बंद झाल्या. चांदीचा भाव कोसळला, आणि चारच दिवसांनी, ३० जूनला, क्लीव्हलंडनी शर्मन कायदा रद्द करण्यासाठी काँग्रेसचं खास अधिवेशन पुकारलं. पर्यायी काळात १८९० ची ती तेजीच येत नाही. रुपया मध्ये न थांबता उतरत राहतो, आणि टांकसाळी बंद करायचा निर्णय १८९३ च्या आधीच होण्याची शक्यता वाढते. चीनला सूत धाडणाऱ्या मुंबईच्या गिरणीमालकांसाठी स्वस्त रुपया फायद्याचा होता, कारण चीनचा व्यवहार चांदीत चालायचा. टांकसाळी बंद झाल्याचा फटका त्यांनी १८९३ नंतर सोसला. इथं तो आधीच बसला असता.

हवाई, आणि एक शस्त्रक्रिया

हवाईचं गणित सरळ आहे. मॅकिन्ली कायद्यानं सगळ्याच देशांची कच्ची साखर करमुक्त केली, आणि १८७५ च्या करारानं हवाईच्या मळेवाल्यांना मिळालेली खास सवलत निकामी झाली. जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करणाऱ्यांच्या मदतीला हॅरिसननी नेमलेले राजदूत जॉन स्टीव्हन्स यांनी 'बॉस्टन' या युद्धनौकेवरचे सैनिक किनाऱ्यावर उतरवले. पर्यायात कायदा नाही, म्हणून मळेवाल्यांची निकड कमी. स्टीव्हन्सही तिथं नाहीत, म्हणून सैनिक जहाजावरच राहतात. खऱ्या इतिहासात क्लीव्हलंडनी सत्तेवर येताच विलीनीकरणाचा करार सिनेटमधून मागं घेतला होता. तेव्हा त्यांची इच्छा काय होती याचा अंदाज बांधायची गरजच नाही.

१ जुलै १८९३ रोजी 'ओनायडा' या नौकेवर गुपचूप झालेली क्लीव्हलंडच्या जबड्याची शस्त्रक्रियाही बदलते. चांदीच्या लढाईच्या तोंडावर अध्यक्षांना कर्करोग आहे हे कळलं असतं तर बाजार आणखी कोसळला असता, म्हणून ती लपवली गेली. इथं मार्च १८९३ पासून ते खासगी नागरिक आहेत. आजार तोच, लपवायचं कारण नाही.

१८९२ ला समोरासमोर कोण

फेरलढत या पर्यायात होतच नाही. क्लीव्हलंडच्या दोन मुदती पूर्ण होतात. तिसऱ्या मुदतीवर तेव्हा कायद्याची बंदी नव्हती, ती १९५१ मध्ये आली. पण १८८० मध्ये माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी तिसऱ्यांदा उमेदवारी मिळवायचा प्रयत्न केला, तेव्हा ३६ फेऱ्यांनंतर त्यांच्याच पक्षानं त्यांना नाकारलं होतं. पक्षाचे दोन तुकडे करून बसलेल्या क्लीव्हलंडना तर कुणी विचारलंही नसतं.

दुसऱ्या पायरीचे परिणाम इथं नीट मोजावे लागतात, आणि बहुतेक पर्यायी इतिहास घसरतात ते याच ठिकाणी. नोव्हेंबर १८९० च्या निवडणुकीत प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकन ३३२ पैकी ९० च्याही खाली आले. ती लाट मॅकिन्ली जकातीविरुद्ध होती. जकात नाही तर लाट नाही, तरीही १८९० चा निकाल जसाच्या तसा वापरला जातो. सगळी लाट पुसणंही बरोबर नाही. विस्कॉन्सिन आणि इलिनॉयमध्ये शाळांत इंग्रजीची सक्ती करणारे कायदे रिपब्लिकनांनी १८८९ मध्ये केले आणि तिथले जर्मन मतदार तुटले. हे राज्यांचे कायदे होते, अध्यक्ष बदलून ते हलत नाहीत. त्या दोन राज्यांतला फटका ठेवायचा, बाकीचा बराचसा काढायचा.

लाट काढली की ओहायोत विल्यम मॅकिन्ली वाचतात. प्रत्यक्षात १८९० ला त्यांची जागा सुमारे ३०० मतांनी गेली. इथं ते अध्यक्षांनी अडवलेल्या जकातीचे कर्ते म्हणून प्रतिनिधीगृहात राहतात. प्रत्यक्ष १८९२ च्या, उमेदवार ठरवणाऱ्या रिपब्लिकन मिनीॲपोलिस अधिवेशनात उमेदवार नसतानाही त्यांना १८२ मतं पडली होती, तीही विद्यमान अध्यक्ष हॅरिसन रिंगणात असताना. हॅरिसन १८८८ चे पराभूत उमेदवार म्हणून मागं पडले की वाट मॅकिन्लींसाठी मोकळी होते. समोर फुटलेला डेमोक्रॅटिक पक्ष, बहुधा हिल यांच्यासारखा दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा उमेदवार घेऊन. आणि पश्चिमेत वीव्हर. ४३८ पैकी २२० मतं गाठायला मॅकिन्लींना न्यूयॉर्कची गरज लागते की नाही, हे विस्कॉन्सिन आणि इलिनॉय किती परत येतात यावर अवलंबून आहे. विजयी तेच होतात, असं आमचं मत.

मग १८९३ ची मंदी रिपब्लिकन अध्यक्षांच्या माथी येते, आणि १८९६ ला पक्षाला जी मोठी सत्ता मिळाली तिचा पाया खचतो. नेब्रास्काचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन १८९० च्या त्याच लाटेवर, रिपब्लिकनांच्या बालेकिल्ल्यातून पहिल्यांदा प्रतिनिधीगृहात गेले होते. लाट ओसरली तर ते लिंकन शहरात वकिलीच करत राहतात, आणि १८९६ व १९०० ची मॅकिन्ली–ब्रायन ही दुसरी प्रसिद्ध फेरलढतही होत नाही. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी हीच. १८९० ला नेब्रास्कात दुष्काळ होता, शेतकऱ्यांचा स्वतंत्र पक्ष जोरात होता आणि दारूबंदीचा प्रश्नही मतपत्रिकेवर होता. जकातीशिवायही रिपब्लिकन तिथं अडचणीत होतेच, म्हणून ब्रायन यांची पहिली निवडणूक इथं निम्मी-निम्मी धरली आहे.